कापसावरचा नारिंगी रंग

शलोमीताई, तुझ्या फ्लेक्सवर तू गोरीपान झाली आहेस.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी, रसवंतीला लागून, हा एवढा मोठा फ्लेक्स लावलाय. वर दोन पांढरी कबुतरं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि मधे तू. नाक निम्मं राहिलंय. हनुवटी भलत्याच कोणाची तरी आहे. तीस वर्षं नगरच्या पोरींना "आपला रंग आपला" म्हणून छळणारी बाई शेवटी मोबाईलमधल्या फिल्टरनं उजळून चौकात टांगली गेली, आणि येणारे-जाणारे थांबून म्हणतात, किती छान फोटो आलाय ताईंचा. मी रोज स्कूटीवरून तिथून जाते आणि रोज मान वळवते. तू असतीस तर शटर ओढायचा आकडा घेऊन तो फ्लेक्स फाडला असतास. माझ्यात तेवढं धाडस नाही. मी फक्त नावं ठेवू शकते, हे तुला माहीतच आहे. "विद्या, तुझ्या जिभेला आधी प्रायमर लावायला पाहिजे," असं तूच म्हणायचीस.

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. तुझ्या चर्चच्या मंडळींनी त्यांच्या पत्रिकेसाठी दोन शब्द मागितले होते. मी नाही म्हटलं. त्यांना हवी होती प्रेमळ, सेवाभावी, सदा हसतमुख शलोमीताई. तू प्रेमळ कधीच नव्हतीस. सेवाभावी तर त्याहून नव्हतीस. हसतमुख म्हणशील तर गिऱ्हाईक आरशात बघत असेल तेवढ्यापुरती. त्यांची पत्रिका त्यांना लखलाभ. मला जे बोलायचंय ते तुझ्याशी बोलायचंय, आणि त्यातलं बरंचसं गोड नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी कर्जतहून लग्न होऊन नगरला आले. नवरा ज्युनियर कॉलेजात मास्तर, सासरे रिटायर्ड हेडमास्तर, सगळी पुस्तकातून डोकं वर न काढणारी माणसं. त्यांच्या घरातल्या सुनेनं दुसऱ्यांच्या भुवया कोरत बसायचं म्हणजे नावाला काळिमाच. मी त्यांच्या नाकावर टिच्चून तुझ्या पार्लरमध्ये आले, हातात कर्जतच्या तीन महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन. तू ते उलटसुलट करून पाहिलंस आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवलंस. "लॅमिनेशन चांगलं केलंय," म्हणालीस. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. ते सर्टिफिकेट अजून तिथंच आहे. परवा पाहिलं.

तुझी पद्धत म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप. आधी चेहरा धुवायचा, मग क्रीम, मग थांबायचं. मग रंगाचा हात, तोही वाटाण्याएवढा, ओल्या स्पंजनं दाबत दाबत, घासायचा नाही. मग थांबायचं. मग जिथं लागेल तिथंच दुसरा हात, आणि परत थांबायचं. "थांब. बसू दे." दिवसातून शंभर वेळा. बाहेर वरात आलीय, नवरीचा मामा दारावर थापा मारतोय, आणि तू हातात स्पंज धरून भिंतीला टेकून उभी. वर त्या वेळात नवरीला बोलतं करायचीस. गाव कुठलं, शाळेत कितव्या बाकावर बसायचीस, भावाशी शेवटचं कशावरून भांडलीस. मला वाटायचं या बाईला चौकशांची खोडच आहे. वर्षभरानं कधीतरी सहज बोलल्यासारखं सांगितलंस, की चेहरा बोलला, हसला की रंग आपापल्या जागी बसतो, मग वरून पावडर फिरवली तरी सुरकुतीत फुटत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? पण तुला मुळी शिकवायचंच नव्हतं. तुला माणसं ताटकळत ठेवायची होती.

आणि ती खिडकी. ट्यूबलाईटवर तुझा विश्वास नव्हता. सगळं झालं की नवरीला हाताला धरून खिडकीशी न्यायचीस, तिची हनुवटी वर करून गाल आणि गळा एकमेकांना जुळतात का बघायचीस, कानाची पाळी बोटानं उचलून मागं डोकवायचीस. जुळलं, की म्हणायचीस, "दिसत नाही." म्हणजे लावलेलं दिसत नाही. यापलीकडची शाबासकी तुझ्या तोंडून कोणी ऐकलेली नाही. बाकीच्या पोरींना वर्षातून एकदोनदा ती तरी मिळायची. माझ्या कामात मात्र तुला काहीतरी सापडायचंच. कानामागे रेघ राहिलीय. कपाळाच्या केसांत पावडर अडकलीय. वीस वर्षं हेच. मी तुझा इतका राग राग करायचे, की हात नवरीच्या चेहऱ्यावर असायचा आणि डोळ्यांसमोर तू, खिडकीत उभी.

आता तुझ्या चेहऱ्याविषयी. पन्नाशी उलटली तरी तुझी कातडी गव्हाळ, स्वच्छ, एक डाग नाही. गिऱ्हाइकं विचारायची, ताई, तुम्ही काय लावता? तू मान वर न करता सांगायचीस, "काही नाही. मुळा धरणाचं पाणी पिते आणि वेळेवर झोपते." अख्खं नगर मुळेचं पाणी पितं. मीही बावीस वर्षं पितेय, आणि माझ्या गालांवर काय काय उगवलं ते तू पाहिलंस. तरी मी ते खरं मानलं. बाहेरगावच्या ऑर्डरला आपण चौघी एका खोलीत झोपायचो, पण तुला झोपेतून उठलेली कोणी पाहिली नाही. आम्ही डोळे उघडेपर्यंत तू आंघोळ करून, साडी नेसून, बायबल मांडीवर घेऊन बसलेली असायचीस. रंगपंचमीला तुझं शटर आतून बंद. उन्हाळ्यात घाम आला तर रुमालानं टिपायचीस, रुमाल फिरवायची नाहीस. ख्रिश्चन माणसं शिस्तीची, असं बाकीच्या कौतुकानं म्हणायच्या. मीही तेच म्हणायचे, पण नाक मुरडून.

मग सुपा गावचं ते लग्न झालं. दीड वर्ष झालं त्याला. नवरी तिथल्याच एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी, सावळी, तरतरीत. तू शेजारच्या खोलीत करवलीचं करत होतीस. नवरीची होणारी नणंद माझ्या डोक्यावर उभी राहून सांगत होती, की आमच्याकडे सगळे उजळ आहेत, स्टेजवर शोभली पाहिजे. वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला वादही नको होता. मी दोन शेड वरचा रंग घेतला आणि एकाच हातात जाडजूड लावून मोकळी झाले. तू आत आलीस. तिला खिडकीशी नेलंस. कापसावर तेल घेतलंस आणि नणंदेसमोर, मामीसमोर, फोटोग्राफरसमोर माझं सगळं काम पुसून काढलंस. गुरुजी बाहेर माईकवरून नवरीला बोलवत होते. तू पहिला हात लावलास आणि म्हणालीस, "थांब. बसू दे." मग तिला तिच्या लाईनच्या सुपरवायझरबद्दल विचारलंस, आणि ती पोरगी खळखळून हसायला लागली.

स्टेजवर ती चांगली झोप झालेल्या माणसासारखी दिसत होती. छानच दिसत होती. हे मी पहिल्यांदाच कबूल करतेय, त्यामुळे हुरळून जाऊ नकोस.

हॉलमागच्या नळावर तू स्पंज धूत होतीस. मी तिथं येऊन तुला बोलले. शब्द न शब्द आठवतो. "तुला देवानं तशी कातडी दिलीय म्हणून तुला हे सुचतं. ज्यांच्या तोंडावर डाग आहेत त्यांना विचार एकदा, आपला रंग आपला म्हणजे काय ते." तू एका वाक्याला दहा वाक्यं परत करणारी. मी कंबर कसून उभी होते. पण तू स्पंजातून स्वच्छ पाणी यायला लागलं तरी पिळत राहिलीस. मग म्हणालीस, "गाडीत बस. उशीर होतोय."

मी बसले नाही. एसटीनं नगरला आले, आणि महिन्याभरात सावेडीत माझं स्वतःचं पार्लर टाकलं. दीड वर्षात तुझा एकच मेसेज आला. माझ्या कुठल्याशा नवरीच्या रिसेप्शनला तू जेवायला गेली असशील. मेसेज दोन शब्दांचा होता: "कानामागे रेघ." माणसं वर्षाच्या अबोल्यानंतर कशी आहेस विचारतात, बरी आहेस ना विचारतात. मी उत्तर दिलं नाही. पण पुसलाही नाही.

त्या मंगळवारी दुपारी सगुणामावशींचा फोन आला. तिसगावच्या सगुणामावशी, पहिल्या दिवसापासून तुझं पार्लर झाडणाऱ्या. "विद्याताई, ताई उठना झाल्यात वो," म्हणाल्या. "खुर्चीतच बसल्यात. हाक मारली, वो देईनात." तू गिऱ्हाइकाची वाट बघत आरशासमोर बसली होतीस, आणि तशीच गेलीस. मी लगेच निघाले नाही. माझ्या खुर्चीत एक बाई होती, तिचं पूर्ण केलं, मग दुसरी घेतली. मला भीती वाटत होती. मी आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, तुझी सगळी माणसं जमल्यावर.

पार्लरच्या वर, तुझ्या घराच्या पुढच्या खोलीत पेटी ठेवली होती. अकराला चर्चमध्ये प्रार्थना, मग दफन. पुण्याहून तुझा भाऊ शमुवेलदादा आला होता आणि त्याची ती मुलगी, ग्रेस. तिची तिकडे मेकअपची अॅकॅडमी आहे म्हणे. ब्रशांचा पट्टा कमरेला बांधून आली होती, गवंडी करणी खोचतो तसा. आणि ताई, तिनं तुझ्या पेटीशेजारी रिंग लाईट लावला होता. मेलेल्या आत्याच्या उशाशी रिंग लाईट. मला एक क्षण वाटलं आता ती तुला हसायला सांगणार.

तुझा चेहरा एका हातात, जाडजूड, पांढरट गुलाबी. पापण्यांना खोट्या पापण्या, ओठ भरलेले. खाली गळा मात्र तुझाच, गव्हाळ. तो फरक बाईसाहेबांच्या लक्षात आला असावा, कारण पांढरी लेस ओढून तुझ्या हनुवटीपर्यंत आणली होती. बाया येत होत्या, वाकून बघत होत्या, किती शांत दिसते म्हणत होत्या. चुना मारल्यावर माणूस शांतच दिसणार. तुझ्या मोठ्या मावशीच्या मातीहून परत आलीस तो दिवस मला आठवला. पर्स टेबलावर आपटून म्हणाली होतीस, "मला मेल्यावर कोणी रंगवलं तर मी उठून बसेन. तू लक्ष ठेव, विद्या." आपण तेव्हा भांडलेलो नव्हतो.

मी शमुवेलदादांना म्हटलं, मला एक तास द्या आणि सगळे बाहेर जा. ग्रेसनं मला समजावलं की काकू, हे एचडी आहे, वॉटरप्रूफ आहे, चोवीस तास हलत नाही. जिला जमिनीत ठेवायचंय तिला चोवीस तासांची गॅरंटी. मी लेस खाली केली आणि दादांना गळा दाखवला. त्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांना बाहेर काढलं. पाळकसाहेबांनी साडेदहाची वेळ घालून दिली.

मी दार लावून घेतलं. कापसावर तेल घेतलं आणि तुझा चेहरा पुसायला लागले, तू सुप्याला पुसला होतास तसाच, दात-ओठ खात. पहिला बोळा पांढरट गुलाबी निघाला. दुसराही. तिसऱ्यावर गव्हाळ रंग आला. मला वाटलं, ग्रेसनं खाली दुसरी शेड घातली होती, म्हणजे पोरगी अगदीच काही कोरी नाही. मी आणखी जोरात पुसलं. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. चौथा बोळा नारिंगी निघाला.

माझा हात तिथंच थांबला. आपल्या धंद्यात नारिंगी रंग उगाच कोणी लावत नाही. काळे डाग झाकायचे असले तरच तो खाली लागतो, त्यावर मग कातडीचा रंग. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन्ही गालांवर, नाकाच्या दांड्यापासून कानशिलापर्यंत, कपाळावर आणि वरच्या ओठावर वांग होता. चहा सांडून वाळल्यासारखा, काळपट तपकिरी, जुना. आजकालचा नव्हे, आपण भेटण्याच्या आधीचा असावा.

मग एकेक लक्षात येत गेलं. तो गव्हाळ रंग ग्रेसचा नव्हता. तुझा होता. मंगळवारी सकाळी तू रोजच्यासारखी खिडकीशी बसून आपला चेहरा केलास, खाली येऊन खुर्चीत बसलीस आणि गेलीस. बायांनी तुला आंघोळ घातली, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. पण तुझे थर पाण्यानं जात नाहीत, नवरी ढसाढसा रडली तरी जात नाहीत, हा तर तुझा तोरा. ग्रेसला ती कातडी वाटली, आणि तिनं वरून आपला गिलावा केला. आणि मी शहाणी, मी तेल घेऊन आले. तुझ्या हातचा शेवटचा चेहरा होता तो. तो मी पुसला.

"खोटारडी," मी तुला म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, बाहेर ऐकू गेलं असेल. मुळेचं पाणी. वेळेवर झोप. बावीस वर्षं तू आम्हाला मूर्ख बनवलंस, आणि मी तुझ्या कातडीवर जळत राहिले. आणि मग मला सुप्याचा नळ आठवला. डाग ज्यांच्या तोंडावर आहेत त्यांना विचार, हे मी तुलाच सांगितलं होतं. तू तिथं उभी राहून स्पंज पिळत होतीस. ताई, मी तुझ्या पेटीजवळ खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. तू तेव्हा एक तेलाचा बोळा गालावरून फिरवला असतास तर माझं तोंड जन्मभरासाठी बंद झालं असतं. तू ते केलं नाहीस. का केलं नाहीस, याचा मला अजूनही राग येतो.

तिथंच आपलं भांडण पुन्हा सुरू झालं, एकतर्फी. मी म्हटलं, तू दुसऱ्यांना शिकवलंस आपला रंग आपला, आणि स्वतः रोज झाकत राहिलीस. तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे. मी रंग कधी बदलला नाही, गळ्याला जुळतो तोच लावला. बरं, मान्य. पण वांग घेऊन येणाऱ्या बायांना तरी सांगायचंस. आणि मग आठवलं, की तसली बाई आली की तू तिला आमच्यापैकी कोणाच्या हाती देत नव्हतीस. आतल्या खोलीत न्यायचीस, पडदा ओढून घ्यायचीस, तासभर दोघींच्या बोलण्याचा आवाज यायचा. आम्हाला वाटायचं, कंजूष आहे, हातचं कसब दाखवत नाही. आत तू त्यांना काय सांगत होतीस, तोंड पुसून दाखवत होतीस की काय, कोण जाणे.

खुन्नस म्हणून एक विचार आला होता, की आता असंच ठेवावं. बघू देत सगळ्यांना. पाच मिनिटं मी तसंच ठरवून बसले होते. पण मग वाटलं, बाहेर जमलेल्यांपैकी एकानंही हा चेहरा पाहिलेला नाही, आणि तू तो रोज सकाळी उठून, रोज ठरवून, कोणाला दाखवला नाहीस. मी कोण आज तो चव्हाट्यावर आणणार? मी पर्समधून माझा डबा काढला.

शेड कुठून आणायची हा प्रश्न होता. तुझ्या बाटल्या तू कुठं लपवल्या होत्यास देव जाणे. मग तिसरा बोळा उचलला. तुझा रंग त्या कापसावर होता. त्याच्याशेजारी तळहातावर दोन रंग कालवले, चार वेळा चुकले, पाचव्यांदा जुळलं. तुझी कातडी थंडगार होती, क्रीम पसरेना. तू हिवाळ्यात करायचीस तसं दोन्ही तळव्यांमध्ये धरून गरम केलं आणि लावलं. मग थांबले. नारिंगी, दाबत दाबत, फक्त डागांवर. मग थांबले. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. "बसू द्या जरा," मी ओरडले, आणि ओरडल्यावर कळलं की मी कोणासारखं बोलले.

त्या थांबण्यात चेहरा बोलायला पाहिजे होता. तू बोलणार नव्हतीस, म्हणून मी बोलले. सावेडीच्या पार्लरला मी एसी बसवणार होते, त्याऐवजी भिंत फोडून खिडकी काढली, हे सांगितलं. माझ्या पोरी मला मागून थांबताई म्हणतात, तेही सांगितलं. कातडीचा रंग लावून झाला तेव्हा मी तिसऱ्यांदा थांबले, आणि म्हटलं, "सुप्याला मी बोलले ते चुकलं, ताई. मला माफ कर." दीड वर्ष हे माझ्या घशात अडकलं होतं, आणि ते बाहेर पडायला तुला मरावं लागलं, याची मला लाज वाटते. मग पावडर फिरवली, अगदी हलकी. चार थर झाले.

दार उघडलं. ग्रेस पहिली आत आली. तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काकू, तासभर घेऊन तुम्ही नुसतं पुसलंत की," म्हणाली. "काहीच केलं नाहीत." तिचा चेहरा खरोखर पडला होता. बापाला जाऊन तेच सांगितलं असणार. तिच्यामागून सगुणामावशी आल्या, पदर तोंडाला लावून तुझ्यावर वाकल्या. मग माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "बरं केलं बाई, सारं पुसलं. आमच्या ताई कवाच काय लावत न्हवत्या. आता कशा, आमच्याच ताई हायेत." मी त्यांना व्हय म्हटलं.

ते चार बोळे मी फेकले नाहीत. पर्समध्ये कागदात गुंडाळून आणले.

आता हे सगळं लिहून मी तुझं गुपित फोडतेय. रागाव. पण काल माझ्याकडे कर्जतची एक शिक्षिका आली होती, दोन्ही गालांवर वांग, ओढणी डोळ्यांपर्यंत घेतलेली. म्हणाली, तुमच्या त्या शलोमीताईंसारखी कातडी कुठल्या डॉक्टरकडे मिळते, कितीही दिवस लागू देत. मी पडदा ओढला आणि तिला ते बोळे दाखवले. ती आधी हसली आणि मग रडली. पडदा ओढून एकेकीला सांगण्याइतका धीर माझ्यात नाही, ताई, म्हणून लिहून टाकतेय. भांडायचं असेल तर ये.

एक सांगायचं राहिलं. झाकण लावायच्या आधी मी माणसांना बाजूला केलं आणि खिडकीचा पडदा सरकवला. साडेदहाचं स्वच्छ ऊन तुझ्या तोंडावर आलं. तुझी हनुवटी जरा वर केली, गाल आणि गळा बघितला. कानाची पाळी बोटानं उचलून मागं बघितलं, रेघ राहिली असेल म्हणून. नव्हती. काहीतरी सापडावं म्हणून मी शोधत राहिले, तू शोधायचीस तशी, आणि मग मला आठवलं की याच उजेडात, हातभर अंतरावर, मी वीस वर्षं तुझ्याकडे बघत उभी होते.

दिसत नव्हतं, ताई.